ठिपके विझले, पण टीआरएफ-२ जागेवरच होतं: नवी मुंबईतलं एक प्रकरण

दावा सरळ होता. जी-क्वाड्रुप्लेक्स या डीएनए-रचनेला घट्ट धरून ठेवणारं एक संयुग हेला या मानवी कर्करोगपेशींना दिवसभर दिलं, की अँटीबॉडीनं (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या, चमकवून पाहता येणाऱ्या रेणूनं) केंद्रकात दिसणारे टीआरएफ-२ या प्रथिनाचे बरेचसे ठिपके विझतात. पेशी फोडून त्यातली प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीनं पाहण्याच्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये मात्र टीआरएफ-२ पूर्वीइतकंच दिसतं. म्हणजे प्रथिन पेशीत आहे, पण टेलोमिअरवरून, म्हणजे गुणसूत्राच्या टोकावरून, सुटलंय. टेलोमेस्टॅटिनसारख्या संयुगांबद्दल असं पूर्वी छापून आलेलं असल्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. शोधनिबंधाचा मसुदा अर्ध्यावर आला होता.

हे घडलं नवी मुंबईतल्या एका पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. संस्था, कंपनी आणि माणसं ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत, प्रयोगांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. पीएचडीची एक विद्यार्थिनी, तिच्या मार्गदर्शक मॅडम आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक सांभाळणारा मी, एवढीच मंडळी. शोधनिबंधासाठी स्वच्छ प्रतिमा हव्या होत्या म्हणून विद्यार्थिनी कव्हरस्लिपा (पेशी वाढवलेल्या पातळ काचा) घेऊन माझ्याकडे आली आणि तिथून गाडी वेगळ्या रुळावर गेली.

आधी थोडी पार्श्वभूमी. मानवी गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा ओळीनं येतात. हेच टेलोमिअर. त्यावर सहा प्रथिनांचा संच बसलेला असतो: टीआरएफ-१, टीआरएफ-२, रॅप-१, टिन-२, टीपीपी-१ आणि पॉट-१. या संचाला शेल्टरिन हे नाव टिटिया डी लँगे यांनी २००५ मध्ये दिलं. टीआरएफ-१ सापडलं १९९५ मध्ये, टीआरएफ-२ १९९७ मध्ये. ही दोघं दुपदरी डीएनएला थेट धरतात, तर पॉट-१ टोकाच्या एकपदरी भागाला. टीआरएफ-२ निष्प्रभ केलं तर पेशी गुणसूत्राच्या टोकाला तुटलेला डीएनए समजते आणि दोन टोकं एकमेकांना जोडून टाकते, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून एखाद्या संयुगानं टीआरएफ-२ टेलोमिअरवरून हलवलं, हा दावा लहान नाही. कर्करोगावरच्या औषधांपर्यंत त्याचे धागे जातात. असा दावा खरा असेल तर तो ठामपणे मांडायला हवा, आणि नसेल तर तो बाहेर पडायच्या आत थांबायला हवा, असं मला मनापासून वाटतं. त्याच्यावर भरवसा ठेवून दुसरी कुणी मुलं आपली वर्षं घालवतात.

आता पडद्यावर काय दिसलं ते. संयुग न दिलेल्या पेशींत ठिपके होते, पण सगळे एका जातीचे वाटेनात. बरेचसे बारीक, टोकदार, केंद्रकभर विखुरलेले. आणि त्यांच्यात मिसळलेले काही जाडसर, कडा पुसट असलेले. हेला पेशीत गुणसूत्रं ७० ते ८० च्या घरात असतात, म्हणजे टोकं १५० च्या आसपास. एका प्रतलात ती सगळी दिसणार नाहीत, काही एकमेकांना चिकटूनही असतात, पण आकारात एवढा फरक पडायला नको. संयुग दिलेल्या पेशींत बारीक ठिपके विझले होते आणि जाडसर तसेच होते. मसुद्यात त्याचाही अर्थ लावलेला होता: ‘काही टेलोमिअर टीआरएफ-२ धरून ठेवतात.’

‘हे जाड ठिपके टेलोमिअरच आहेत कशावरून?’ मी विचारलं.

‘सर, अँटीबॉडी टीआरएफ-२ ची आहे ना,’ ती म्हणाली.

खरं तर ‘ही अँटीबॉडी अमुक प्रथिनाची आहे’ हे वाक्य कंपनीच्या पत्रकातलं आहे. आपल्या पेशींत, आपल्या पद्धतीनं फिक्स केलेल्या, म्हणजे रसायनानं पेशी आहे तशा पक्क्या केलेल्या, कव्हरस्लिपवर ती नेमकं काय धरते, याचं उत्तर आपलं आपणच काढायचं असतं. या प्रयोगात टेलोमिअर दाखवणारी दुसरी कुठलीच खूण नव्हती. डॅपी या डीएनए रंगवणाऱ्या निळ्या रंगात केंद्रक, हिरव्यात टीआरएफ-२, बस्स.

अँटीबॉडीची पूर्वपीठिकाही पाहिली. सशात बनवलेली पॉलिक्लोनल, टीआरएफ-२ च्या सुरुवातीच्या टोकावरच्या तुकड्याविरुद्ध. हा टीआरएफ-२ चा बेसिक भाग, ग्लायसिन आणि आर्जिनिन यांनी भरलेला. टीआरएफ-१ च्या त्याच टोकाला उलट आम्लधर्मी अमिनो आम्लं आहेत, त्यामुळे दोघांत गल्लत होऊ नये म्हणून हा तुकडा निवडणं शहाणपणाचं आहे. गाडं दुसरीकडे अडत होतं. पॉलिक्लोनल म्हणजे एका प्राण्याच्या रक्तातून आलेल्या अनेक प्रकारच्या अँटीबॉडींचं मिश्रण. ससा बदलला किंवा त्याच सशाचं रक्त पुन्हा काढलं, की मिश्रण बदलतं. आणि खरेदीच्या कागदांत दिसत होतं की सुरुवातीचे प्रयोग एका लॉटवर झाले होते आणि मसुद्यातल्या प्रतिमा दुसऱ्या लॉटवर. बाटलीवर कॅटलॉग क्रमांक तोच, लॉट क्रमांक वेगळा. वहीत फक्त कॅटलॉग क्रमांक लिहिलेला. शंभर मायक्रोलिटरची बाटली चाळीस-पन्नास हजारांना पडते, मागवल्यावर यायला आठवडे लागतात, आल्यावर जो तो लगेच कामाला लागतो. लॉट बदलला म्हणून थांबून पुन्हा तपासणारे फार थोडे.

पहिली तपासणी इम्युनोफिश. यात आधी अँटीबॉडी लावायची, ती पुन्हा फिक्स करून जागच्या जागी पक्की करायची, मग टेलोमिअरच्या अक्षरांना जुळणारा, लाल चमकणारा पीएनए प्रोब (डीएनएसारखा कृत्रिम तुकडा) टाकून कव्हरस्लिप ८० अंशांच्या पुढे तापवायची. क्रम उलटा केला तर बरीच प्रथिनं तापवण्यात बिघडतात. पावसाळ्यात इथे या पद्धतीत एक अडचण नेहमी येते: अल्कोहोलच्या पायऱ्यांनंतर कव्हरस्लिप पूर्ण वाळायला हवी आणि जुलैत खारघर-बेलापूरकडच्या हवेत ती वाळता वाळत नाही. ओलावा राहिला तर प्रोब पातळ होतो आणि सिग्नल डागाळतो. सिलिका जेल भरलेल्या बंद डब्यात ठेवून वाळवल्या तेव्हा कुठे काम झालं.

चित्र स्पष्ट होतं. बारीक हिरवे ठिपके लाल टेलोमिअरवर चपखल बसत होते. जाडसर ठिपक्यांखाली लाल काहीच नव्हतं. ‘काही टेलोमिअर टीआरएफ-२ धरून ठेवतात’ हे वाक्य त्याच दिवशी मसुद्यातून गेलं.

दुसरी तपासणी नॉकडाउनची. एसआयआरएनए हे ठरावीक जनुकाचा संदेश नष्ट करवणारे आरएनएचे छोटे तुकडे वापरून टीआरएफ-२ बनणंच कमी करायचं आणि अँटीबॉडीला काय दिसतं ते बघायचं. माझ्या मते कुठल्याही अँटीबॉडीची खरी परीक्षा हीच: जे ती दाखवते म्हणते ते काढून घेतल्यावर सिग्नल गेला पाहिजे. इथे वेस्टर्नमधली ६५ ते ७० किलोडाल्टनच्या दरम्यानची पट्टी ठळकपणे फिकी झाली, टेलोमिअरवरचे बारीक ठिपके गेले, आणि टेलोमिअरवर ५३बीपी-१ जमा झालं. डीएनए तुटल्याची ही खूण टोकांवर दिसणं म्हणजे टीआरएफ-२ कमी झाल्याचा अँटीबॉडीशी संबंध नसलेला पुरावा, म्हणून तो मोलाचा. जाडसर ठिपके मात्र ढिम्म हलले नाहीत. ते टीआरएफ-२ नव्हतेच.

मग प्रश्न आला की वेस्टर्नमध्ये हे दुसरं प्रथिन दिसलं कसं नाही? उत्तर मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे वेस्टर्नमध्ये प्रथिनं ज्यावर उतरवतात त्या पडद्यात, होतं. अँटीबॉडी वाचवण्यासाठी मेम्ब्रेन ५० आणि ७५ किलोडाल्टनच्या खुणांवर कापून फक्त मधली फीत अँटीबॉडीत बुडवायची, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी रूढ आहे, या प्रयोगशाळेतही होती. वरचा आणि खालचा भाग कधी अँटीबॉडीला भेटलेलाच नव्हता. अखंड मेम्ब्रेनवर ७५ च्या वर एक दुसरी पट्टी आली, नॉकडाउनला न जुमानणारी. जुन्या लॉटमधले थोडे थेंब उणे वीसच्या डब्यात उरले होते. त्यानं अखंड मेम्ब्रेन पाहिली तर ती पट्टी अगदी पुसट. लॉटचा फरक असा समोर आला.

इथपर्यंत येऊनही मूळ दावा शाबूत होता, हे लक्षात घ्या. बारीक ठिपके टेलोमिअरवरचेच होते, टीआरएफ-२ चेच होते आणि संयुग दिल्यावर विझत होते. मॅडमचं म्हणणं होतं की जाड ठिपके मोजणीतून वगळू आणि पुढे जाऊ. त्यात गैर काही नव्हतं. पण ठिपका विझण्याची कारणं दोन असू शकतात: प्रथिन गेलं, किंवा प्रथिन तिथेच आहे पण अँटीबॉडीची पकडण्याची जागा झाकली गेली. एकाच अँटीबॉडीनं कितीही वेळा प्रयोग केला तरी या दोहोंत फरक करता येत नाही.

म्हणून दुसरी अँटीबॉडी मागवली, उंदराची मोनोक्लोनल, जिची खूण, म्हणजे पकडण्याची जागा, टीआरएफ-२ च्या साखळीत मधल्या भागात आहे. मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेली, एकच खूण ओळखणारी. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दाखवलेल्या पद्धतीची देणगी. शेवटच्या टोकाचा भाग मुद्दाम टाळला, कारण डीएनएला धरणारा तिथला मिब भाग टीआरएफ-१ आणि टीआरएफ-२ मध्ये बराच सारखा आहे. सोबत रॅप-१ ची अँटीबॉडीही मागवली. रॅप-१ स्वतः मानवी टेलोमिअरवर टीआरएफ-२ च्या आधारानंच बसतं. टीआरएफ-२ सुटलं तर रॅप-१ लाही सुटावं लागेल.

या मागणीत एक गोष्ट वेळेवर लक्षात आली म्हणून बरं. खरेदी विभागाकडे ‘रॅप-१’ एवढंच लिहून दिलं होतं आणि सर्वांत कमी दराचं कोटेशन आलं ते दुसऱ्याच रॅप-१ चं: रास कुटुंबातलं, २१ किलोडाल्टनचं, पेशीच्या पडद्यापाशी काम करणारं. टेलोमिअरच्या रॅप-१ चं जनुक टीईआरएफ-२-आयपी. शेल्टरिनमध्ये हा घोळ जवळपास घरटी आहे. टीपीपी-१ म्हणून मागवाल तर लायसोसोममधलं एक विकर येण्याची शक्यता मोठी, ज्याच्या बिघाडानं लहान मुलांना बॅटन आजाराचा एक प्रकार होतो. शेल्टरिनच्या टीपीपी-१ चं जनुक एसीडी. आणि खुद्द टीआरएफ-२ या नावाचं, जनुकांचं वाचन सुरू करणाऱ्या टीबीपीशी नातं असलेलं आणखी एक प्रथिन आहे. मागणीपत्रावर जनुकाचं अधिकृत नाव आणि युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीकोशातला क्रमांक लिहिला नाही तर दोष कारकुनाचा नाही, आपला. कमी दराचा नियम पाळायला तो बांधील आहे, टेलोमिअरचं शास्त्र शिकायला नाही.

बाटल्या आल्या. पहिलं काम म्हणजे दोन्ही नव्या अँटीबॉडी नॉकडाउनवर तपासणं. दोन्ही उतरल्या: अखंड मेम्ब्रेनवर अपेक्षित पट्टी, नॉकडाउनमध्ये ती फिकी, टेलोमिअरवरचे ठिपके गेलेले. टीआरएफ-२ कमी झालं की रॅप-१ ही टिकत नाही, तेही दिसलं.

मग तो प्रयोग, ज्यानं सोक्षमोक्ष लागला. सशाची आणि उंदराची अँटीबॉडी एकाच कव्हरस्लिपवर एकत्र लावता येतात, कारण त्यांना धरून चमक देणाऱ्या दुय्यम अँटीबॉडी वेगवेगळ्या असतात. विद्यार्थिनीनं संयुग दिलेल्या पेशींना आधी ट्रायटन या साबणासारख्या द्रव्याच्या बफरनं हलकेच धुतलं, म्हणजे केंद्रकात मोकळं तरंगणारं प्रथिन निघून जावं आणि क्रोमॅटिनला धरून असलेलंच उरावं. मग फिक्स केलं. ओलसर डब्यात पॅराफिल्मवर पन्नास मायक्रोलिटरचा थेंब, त्यात दोन्ही अँटीबॉडी, वर कव्हरस्लिप पेशींची बाजू खाली करून ठेवलेली, रात्रभर चार अंशांवर. संध्याकाळची ठाण्याची लोकल गाठायची असते, त्यामुळे रात्रभराचं इनक्युबेशन तिला सोयीचंही पडायचं.

दुसऱ्या दिवशी एकाच केंद्रकाची प्रतिमा दोन वाहिन्यांत घेतली. हिरव्या वाहिनीत, सशाच्या अँटीबॉडीनं, जवळजवळ काळोख. चार-दोन जाड ठिपके तेवढे. लाल वाहिनीत, उंदराच्या अँटीबॉडीनं, केंद्रकभर बारीक ठिपके, संयुग न दिलेल्या पेशींइतकेच ठसठशीत. तीच पेशी, तोच क्षण, तेच प्रथिन. शेजारच्या कव्हरस्लिपवर रॅप-१ सुद्धा टेलोमिअरवर जागच्या जागी. टीआरएफ-२ कुठेही गेलं नव्हतं.

मॅडम बराच वेळ पडद्यापाशी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, ‘आता ससा खोटा आहे की उंदीर, तेही सिद्ध करून दाखव.’ हा आग्रह मला फार आवडला. मनाजोगतं उत्तर हातातून जात असताना नव्या उत्तराचीही तेवढीच कसून उलटतपासणी करायला लावणारा मार्गदर्शक मिळणं ही भाग्याची गोष्ट आहे.

खूण झाकली गेली असेल तर ती उघडता आली पाहिजे. फिक्स केलेल्या कव्हरस्लिपा सायट्रेट बफरमध्ये ९५ अंशांवर तापवल्या, मग सशाची अँटीबॉडी लावली. सोबत संयुग न दिलेल्या, नॉकडाउन केलेल्या आणि फक्त दुय्यम अँटीबॉडी लावलेल्या कव्हरस्लिपाही तापवल्या, नाहीतर तापवण्यानं वाढलेल्या फुकटच्या चकाकीलाच आपण टीआरएफ-२ समजून बसू. संयुग दिलेल्या पेशींत विझलेले बारीक ठिपके परत आले, टेलोमिअरवरच आले. नॉकडाउनमध्ये आले नाहीत.

क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशननंही तेच सांगितलं. एक टक्का फॉर्माल्डिहाइडनं प्रथिनं डीएनएला बांधायची, ध्वनिलहरींनी डीएनएचे तुकडे करायचे, अँटीबॉडीनं टीआरएफ-२ ओढून घ्यायचं आणि सोबत आलेला डीएनए मेम्ब्रेनवर लावून टेलोमिअरच्या प्रोबनं मोजायचा. त्याच मेम्ब्रेनवर पुन्हा अ‍ॅलू प्रोब, कारण अ‍ॅलू हा पुन्हा पुन्हा येणारा डीएनएचा तुकडा जनुकसंचभर पसरलेला आहे. टेलोमिअरबरोबर तोही येत असेल तर ओढाओढ निवडक नाही. मोनोक्लोनलनं संयुग दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींतून टेलोमिअर सारखंच ओढलं, अ‍ॅलू नगण्य. पॉलिक्लोनलनं संयुग दिलेल्या पेशींतून टेलोमिअर कमी ओढलं. इथे फॉर्माल्डिहाइडनं बांधलेल्या प्रथिनावरची खूण उघडायला तापवण्याची पायरी नसतेच, त्यामुळे झाकलेली खूण झाकलेलीच राहते. नुसत्या पॉलिक्लोनलवर विसंबून इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणारे ठिपके पाहण्याची पद्धत) आणि हा प्रयोग असे दोन्ही केले असते, तर दोन स्वतंत्र पद्धतींनी दावा सिद्ध झाल्यासारखं वाटलं असतं. पद्धती दोन, पण साक्षीदार एकच.

खूण नेमकी इथेच का झाकली जावी, हेही समजण्यासारखं आहे. टीआरएफ-२ चा बेसिक भाग डीएनएच्या फाट्यांना, टेलोमिअरवरून बनणाऱ्या टेरा या आरएनएला आणि जी-क्वाड्रुप्लेक्स रचनांना धरतो. संयुग त्याच रचना पक्क्या करतं. आणि सशाच्या अँटीबॉडीला पकडायचा असतो तोच भाग. ज्या प्रयोगात त्या भागाचा जोडीदार आपणच वाढवतो आहोत, त्यात त्याच भागावरची अँटीबॉडी मोजमापाला वापरणं धोक्याचंच होतं.

२०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटानं अँटीबॉडी पडताळण्याचे पाच मार्ग मांडले: जनुकीय पातळीवर प्रथिन काढून पाहणं, अँटीबॉडीविना दुसऱ्या पद्धतीनं ताळा घेणं, वेगळी खूण ओळखणारी दुसरी अँटीबॉडी, टॅग (ओळखीचा छोटा तुकडा) लावलेलं प्रथिन, आणि ओढून घेतलेल्या प्रथिनाचं मास स्पेक्ट्रोमेट्रीनं विश्लेषण. या प्रकरणात पहिला आणि तिसरा निर्णायक ठरले. तरी माझं मत असं की नॉकडाउन एकट्यानं इथे वाचवलं नसतं. सशाची अँटीबॉडी बारीक ठिपक्यांपुरती नॉकडाउनच्या परीक्षेत उत्तीर्णच झाली होती. संयुग दिलेल्या पेशींत ती आंधळी होते, हे दुसऱ्या खुणेवरच्या अँटीबॉडीशिवाय कळलं नसतं. पडताळा घ्यायचा तो प्रयोगाच्या प्रत्येक स्थितीत, नुसत्या साध्या पेशींत घेऊन भागत नाही.

मसुद्याचा गाभा बदलला. संयुग दिल्यावर टेलोमिअरवर ५३बीपी-१ येतं, हे निरीक्षण खरं होतं आणि आता तेच मध्यभागी आलं. टीआरएफ-२ जागेवर असूनही नुकसानीची खूण का दिसते? एटीएम आणि एटीआर ही डीएनएच्या नुकसानीचा इशारा देणारी विकरं. टीआरएफ-२ मुख्यतः एटीएमचा इशारा दाबून ठेवतं, पॉट-१ एटीआरचा. हे २००७ पासून माहीत आहे. जी-क्वाड्रुप्लेक्स पक्कं झालं तर डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा अडखळते आणि एटीआरचा इशारा सुटू शकतो. त्यामुळे आता फॉस्फोरिलेटेड सीएचके-१ (एटीआर जागं झाल्याची खूण), टेलोमिअरवरचं आरपीए (उघड्या एकपदरी डीएनएवर बसणारं प्रथिन) आणि पॉट-१ तपासायचं ठरलंय. पॉट-१ पेशीत टीआरएफ-२ पेक्षा बरंच कमी असतं आणि त्याच्यासाठी भरवशाची अँटीबॉडी मिळणं अवघड. म्हणून क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रानं पेशीच्या स्वतःच्या पॉट-१ जनुकालाच छोटा टॅग जोडण्याचं काम विद्यार्थिनीनं हाती घेतलंय. बाहेरून जास्तीचं प्रथिन बनवून घेण्याचा सोपा मार्ग तिनं टाळला, कारण शेल्टरिनची प्रथिनं प्रमाणाबाहेर वाढवली की टेलोमिअरची लांबी आणि वागणूक दोन्ही बदलू शकतात.

सशाच्या अँटीबॉडीची उरलेली बाटली फेकलेली नाही. अखंड मेम्ब्रेनवर, नॉकडाउनच्या सोबतीनं, वेस्टर्नसाठी ती वापरात आहे. शीतकपाटाच्या दारावरच्या यादीत आता प्रत्येक अँटीबॉडीपुढे जनुकाचं नाव, लॉट क्रमांक, खुणेची जागा आणि कुठल्या प्रयोगात कुठल्या पेशींवर तपासली हे लिहिलं जातं. नवा लॉट आला की आधी नॉकडाउनच्या साठवलेल्या नमुन्यावर एक वेस्टर्न आणि एक इम्युनोफिश होतं, मगच बाटली सगळ्यांसाठी खुली होते. क्रिस्परच्या पहिल्या वसाहती वाढताहेत. टॅग जनुकाच्या सगळ्या प्रतींवर बसलाय की नाही, हे अनुक्रम वाचून पाहायचंय.